शास्त्रदान आणि ग्रंथप्रकाशन : एका व्यापाऱ्याचा हिशोब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त श्रुतपंचमीच्या दिवशी, आटपाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आजच्या दिवशी खरे म्हणजे एखाद्या पंडिताने बोलावे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. माझा जन्म गेला तो तागे मोजण्यात, खण-लुगडी दाखवण्यात आणि उधारी वसूल करण्यात. तेव्हा शास्त्रातील सिद्धांत मी आपणास काय सांगणार? परंतु अध्यक्षांनी आग्रह धरला की, “शास्त्रावर नको, शास्त्र छापण्याच्या खर्चावर बोला, तो तुमचा विषय आहे.” मला ही सूचना मनापासून पटली. श्रुतपंचमी हा आपल्या परंपरेत ग्रंथाचा वाढदिवस आहे. गिरनारच्या गुहेत आचार्य धरसेनांनी शिकवलेले ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींनी षट्खंडागमाच्या रूपाने लिपिबद्ध केले, आणि तो ग्रंथ पूर्ण झाला त्या तिथीला आपण शास्त्राची पूजा करतो. विद्वत्तेचा ग्रंथ तयार कसा होतो, त्याला पैसा कोण पुरवतो आणि तो पैसा कुठे खर्च होतो, याचा हिशोब मांडायला यापेक्षा चांगला दिवस नाही.

आरंभ माझ्या घरापासून करतो.

आमच्या दुकानाच्या माडीवर एक शिसवी कपाट आहे. त्यात रोजमेळ आणि खतावणीच्या जुन्या वह्यांशेजारी वडिलांनी सोलापूरहून आणलेली काही जाड पुस्तके होती. वडील सातवी शिकलेले. त्यांना ती वाचता येत नव्हती, परंतु दसऱ्याला वह्यांबरोबर त्या पुस्तकांनाही हळदकुंकू वाहिले जाई. माझी भाची एम. ए. करीत असताना एकदा सुटीत आमच्याकडे आली. तिने कपाट उघडले आणि ‘तिलोयपण्णत्ती’चा एक भाग हातात घेतला. थोड्या वेळाने ती जिना उतरून दुकानात आली आणि म्हणाली, “मामा, कात्री देता का? या पुस्तकाची पाने अजून कापलेलीच नाहीत.”

जुन्या काळी पुस्तके अशीच येत. छापील कागदाच्या घड्या घालून शिवत आणि कडा वाचणाऱ्याने कापून घ्यायच्या. आमच्या घरात ते पुस्तक काही दशके होते, त्याची पूजा होत होती, आणि त्याची पाने कोणी उघडलेली नव्हती. ज्या कात्रीने मी रोज कापड फाडतो त्याच कात्रीने त्या मुलीने एकेक घडी कापली. मला त्या दिवशी लाज वाटली, आणि ती लाज आजच्या या भाषणाचे मूळ आहे.

त्या मुलीने पुढे दक्षिण महाराष्ट्रातील मध्ययुगीन जैन दानलेखांवर पीएच.डी. केली. पाच-सहा वर्षे ती उन्हातान्हात शिलालेखांचे ठसे घेत हिंडली. प्रबंध मान्य झाला आणि नोकरीच्या दृष्टीने पुस्तक निघणे आवश्यक झाले. एका मोठ्या शहरातील प्रकाशकाने दीड महिन्यात पुस्तक देतो असे कळवले. खर्च मात्र लेखिकेने करायचा. मी मोठ्या उत्साहाने बहात्तर हजार रुपये भरले. तीनशे प्रती आल्या. मुखपृष्ठ गुळगुळीत, बांधणी झकपक. आम्ही पेढे वाटले.

एक प्रत आम्ही एका निवृत्त प्राध्यापकांकडे अभिप्रायासाठी पाठवली. महिन्याने ती परत आली ती पेन्सिलच्या खुणांनी भरून. दान देणाऱ्या एका राणीचे नाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी छापलेले. कानडी लेखांतील कित्येक अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. एका शिलालेखाचे छायाचित्र उलटे. शेवटी सूची नाही, त्यामुळे चारशे पानांत एखादे गाव शोधायचे तर सारे पुस्तक चाळावे लागावे. सोबतच्या पत्रात सरांनी फक्त एवढेच लिहिले होते की, संशोधन चांगले आहे, पुस्तक अजून व्हायचे आहे.

भाची दोन दिवस जेवली नाही. मी प्रकाशकाला फोन लावला. त्यांचे उत्तर असे की, “तुम्ही दिलेली फाईल आम्ही छापली, वाचायचे काम आमचे नव्हते.” बंधूंनो, मी चाळीस वर्षे व्यापार केला आहे. माल न बघता पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला बाजारात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. मी छपाई विकत घेतली होती आणि तिला प्रकाशन समजत होतो. दोष त्या प्रकाशकाचा जेवढा, तेवढाच माझा. त्या तीनशे प्रतींपैकी दोनशे चाळीस आजही आमच्या गोदामात साड्यांच्या खोक्यांत आहेत.

छपाई आणि प्रकाशन यांत अंतर काय, हे शिकायला मला त्यानंतर काही वर्षे लागली. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

विद्वत्तेचे पुस्तक काढणारी खरी संस्था, मग ती विद्यापीठाची असो वा एखाद्या ट्रस्टची, हस्तलिखित हाती आल्यावर प्रथम ते त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवते. लेखकाला त्यांची नावे कळत नाहीत. आपण वाणिज्याच्या भाषेत याला लेखापरीक्षण म्हणू. हिशोबनीस आपला मेहुणा असला तरी चालेल, लेखापरीक्षक मेहुणा असून चालत नाही. त्यांच्या शंका लेखकाने निरसन करायच्या, चुका दुरुस्त करायच्या, प्रसंगी प्रकरणच्या प्रकरण पुन्हा लिहायचे. मग संपादक वाक्यावाक्याने मजकूर तपासतो, नावांचे लेखन एकसारखे करतो, प्रत्येक विधानाला आधार आहे की नाही ते पाहतो. तळटीप म्हणजे आपल्या भाषेत पावती. पावतीवाचून खर्ची टाकलेली रक्कम जशी मान्य होत नाही, तसे आधारावाचून केलेले विधान विद्वानांत मान्य होत नाही. त्यानंतर मुद्रिते दोनदा-तीनदा वाचली जातात, सूची तयार होते आणि मग यंत्र सुरू होते. या साऱ्याला दीड-दोन वर्षे सहज लागतात.

आणि एवढे करून पुस्तक खपते किती? काही शे प्रती, त्याही सावकाश. कापडाचा माल एका हंगामात उठला नाही तर आपण त्याचा कटपीस करून विकतो. विद्वत्तेच्या ग्रंथाचा हंगाम पन्नास वर्षांचा असतो. म्हणून बाजाराच्या नियमाने ही पुस्तके निघूच शकत नाहीत. इंग्लंडात केंब्रिजच्या मुद्रणालयाला राजाने १५३४ साली सनद दिली, आणि ऑक्सफर्डची परंपरा त्याहूनही जुनी. परंतु तेथेही शतकानुशतके बायबल, शब्दकोश आणि शाळेची पुस्तके यांच्या मिळकतीतून विद्वत्तेच्या ग्रंथांची तूट भरून निघाली. धोतरजोडीच्या नफ्यावर पैठणीची गुंतवणूक सांभाळावी, तसा हा प्रकार आहे.

आपल्याकडे अशी मिळकत असलेली विद्यापीठीय मुद्रणालये नव्हती. मग आपली प्राचीन ग्रंथसंपदा छापली कोणी? याचे उत्तर शोधताना मला जे सापडले त्याने माझी मान ताठ झाली. ती मोठ्या प्रमाणावर व्यापाऱ्यांच्या आणि ट्रस्टांच्या पैशाने छापली गेली, आणि त्यातील एक मोठे केंद्र आपल्या शेजारी सोलापूरला होते.

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांची कथा प्रत्येक विश्वस्ताने ऐकावी अशी आहे. १९४० साली त्यांच्या मनाने घेतले की, आपण न्यायाने मिळवलेली संपत्ती धर्माच्या आणि समाजाच्या कामी लावावी. असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. ब्रह्मचारीजींचे वेगळेपण पुढच्या पावलात आहे. पैसा कुठे लावायचा हे त्यांनी एकट्याने ठरवले नाही. ते देशभर फिरले. जैन विद्वानांना समक्ष भेटून आणि पत्राने विचारून त्यांनी मते गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा तीर्थक्षेत्री त्यांनी विद्वानांची सभा भरवली आणि प्रश्न सभेपुढे ठेवला. तेथील विचारविनिमयातून ‘जैन संस्कृति संरक्षक संघ’ स्थापन झाला आणि ब्रह्मचारीजींनी तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले. १९४४ साली त्यांनी सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती ट्रस्ट करून संघाला दिली. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरण साधले. मागे राहिली ती ‘जीवराज जैन ग्रंथमाला’.

दाता आधी विचारतो आणि मग देतो, हा या कथेचा पहिला धडा. दुसरा धडा असा की, ग्रंथमाला विद्वानांच्या हाती सोपवली गेली. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन हे तिचे प्रधान संपादक. उपाध्ये आपल्याच मुलखातले. जन्म १९०६ साली बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचा, आणि उभी हयात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवण्यात गेली. १९३५ साली त्यांनी संपादिलेले कुंदकुंदाचार्यांचे ‘प्रवचनसार’ प्रसिद्ध झाले आणि त्याच्या इंग्रजी प्रस्तावनेने प्राकृताच्या अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. कोल्हापूरच्या वर्गात शिकवता शिकवता सोलापूरच्या ट्रस्टसाठी ते मुद्रिते तपासत होते.

या ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’. पहिला भाग १९४३ साली आला, दुसरा १९५१ साली. माझ्या भाचीने कात्रीने उघडला तो हाच ग्रंथ. दुसरा ग्रंथ तर मला सर्वांत मोलाचा वाटतो. सोमदेवसूरींच्या दहाव्या शतकातील ‘यशस्तिलक’ या संस्कृत चंपूवर कृष्णकांत हंदिकी या विद्वानाने लिहिलेला तो इंग्रजी ग्रंथ १९४९ साली सोलापूरहून निघाला. हंदिकी आसामचे, जन्माने जैन नव्हेत, आणि पुढे गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. आसामच्या पंडिताचे इंग्रजी पुस्तक सोलापूरच्या दिगंबर जैन ट्रस्टने काढले! लेखक कोणत्या प्रांताचा, कोणत्या धर्माचा, हे त्यांनी पाहिले नाही. काम पक्के आहे की नाही एवढेच पाहिले. पुढे परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेले त्रिविक्रमाचे प्राकृत व्याकरण १९५४ मध्ये, दक्षिण भारतातील जैन धर्मावर आणि शिलालेखांवर पी. बी. देसाई यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हिंदी भाषांतरासह १९६३ मध्ये, अशी ही माला वाढत गेली. देसाईंच्या ग्रंथाशिवाय माझ्या भाचीला आपल्या विषयात पाऊल टाकता आले नसते, असे ती म्हणते. ब्रह्मचारीजींनी १९४४ साली दिलेला रुपया सत्तर वर्षांनी आटपाडीच्या नातवंडाच्या उपयोगी पडला. असे व्याज कोणत्या बँकेने दिले आहे?

आता पाठ ताडून पाहणे म्हणजे काय आणि त्याला एवढा वेळ व पैसा का लागतो, हे सांगणारी एक हकीकत आजच्या तिथीशीच निगडित आहे.

षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका नवव्या शतकातली. तिची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीच्या भांडारात होती, आणि कित्येक शतके त्यांचे केवळ दर्शन घडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या खटपटीने त्यांची नक्कल करण्याचे काम सुरू झाले आणि ते सुमारे पाव शतक चालले. मग नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असे करीत काही प्रती उत्तरेत आणि विदर्भात पोहोचल्या. त्या प्रतींच्या आधारे अमरावतीच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले. पैसा दिला भेलसा म्हणजे आजच्या विदिशा येथील शेठ लक्ष्मीचंद यांनी. १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून निघाला, आणि सोळावा खंड हाती यायला जवळजवळ वीस वर्षे गेली.

पहिल्या खंडातील त्र्याण्णवाव्या सूत्रापाशी संपादक थांबले. हाती असलेल्या प्रतींतील सूत्राचे शब्द आणि त्याखालची वीरसेनाचार्यांची टीका यांचा मेळ बसेना. टीका वाचता असे दिसे की, सूत्रात ‘संजद’ हा एक शब्द आणखी असला पाहिजे. आपल्याला रोजमेळ आणि खतावणीत फरक आला म्हणजे आपण काय करतो? अप्रामाणिक माणूस आकडा दडपून बसवतो. आळशी माणूस फरक तसाच पुढे ओढतो. संपादकांनी यांपैकी काहीही केले नाही. प्रतींत जे होते ते सूत्रात ठेवले आणि येथे ‘संजद’ शब्द राहिला असावा अशी तळटीप दिली. पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्राशी पाठ ताडून पाहण्याची सोय झाली, तेव्हा तो शब्द तेथे असल्याचे आढळले. नकला करताना कुणाच्या तरी हातून तो गळला होता.

त्या एका शब्दाच्या अर्थावरून समाजात मोठा वाद झाला, सभा झाल्या, पुस्तिका निघाल्या. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही आणि आजचा तो विषयही नाही. माझे म्हणणे एवढेच की, शास्त्रावर आपली श्रद्धा आहे म्हणून शास्त्राचा शब्द कोणता हे नीट ठरवण्याचे काम आपोआप होत नाही. त्याला माणूस बसवावा लागतो, त्याच्या संसाराची सोय करावी लागते आणि त्याच्या तळटिपेत ढवळाढवळ करण्याचा मोह देणगीदाराला आवरावा लागतो. शेजारच्या फलटणला आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. जपणुकीची ती आपल्या पूर्वजांची तळमळ होती. तांबे टिकते, कागद फिरतो. आणि दोन्हींवर काय लिहायचे ते ठरवायला संपादकच लागतो.

या कामी आपल्या आटपाडीचाही हात लागला आहे, हे आपणांपैकी किती जणांना माहीत आहे? आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ सालची. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. १९१९ साली काम सुरू झाले. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून त्याची सूत्रे घेतली आणि पद्धत घालून दिली. देशभरातून आणि निरनिराळ्या लिप्यांतून १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. सुखठणकर १९४३ साली गेले, बाळासाहेब १९५१ साली गेले, आणि आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तोवर औंध संस्थान विलीन होऊन अठरा वर्षे लोटली होती. शेवटच्या टप्प्यात प्रधान संपादक होते तेच परशुराम लक्ष्मण वैद्य, ज्यांनी आपल्या सोलापूरच्या ग्रंथमालेसाठी प्राकृत व्याकरण संपादिले होते.

औंध हे काही श्रीमंत संस्थान नव्हते. आपला हा माणदेश, पाऊस पाहुण्यासारखा येणारा. संस्थानचा पैसा म्हणजे अखेर रयतेचा पैसा. त्या लाखात आटपाडीच्या शेतसाऱ्याचेही काही आणे असलेच पाहिजेत, असे मी मानतो. दुष्काळी मुलखाच्या धन्याने आपल्या हयातीत पुरे न होणारे काम पत्करले. आपल्या मागे पन्नास वर्षे उभ्या असलेल्या ट्रस्टने एवढी दृष्टी ठेवायला हरकत कोणती?

आणि हे काम केवळ भारतातच राहते असे नाही. कर्नाटकात मूडबिद्रीजवळ जन्मलेला एक मुलगा वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास विदर्भातील कारंजा येथील महावीर ब्रह्मचर्याश्रमात शिकायला आला. समंतभद्र महाराजांनी घडवलेले ते गुरुकुल समाजाच्या दानावर चालत होते. तो मुलगा म्हणजे पुढे अमेरिकेत बर्कले येथे प्राध्यापक झालेले डॉ. पद्मनाभ जैनी. त्यांचा जैन धर्मावरील इंग्रजी ग्रंथ १९७९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला, आणि जगातील विद्यापीठांतून आजही जैन धर्माचा अभ्यास करणारा विद्यार्थी तो वाचतो. डॉ. जैनी २०२१ साली निवर्तले. कारंजाच्या मुदपाकखान्यात कुणा शेठजींनी दिलेल्या ज्वारीची भाकरी त्या ग्रंथात आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

प्रबंधाचा ग्रंथ कसा व्हावा याचेही उदाहरण घरचेच आहे. सोलापूरला जन्मलेले आणि कोल्हापुरात हयात घालवलेले डॉ. विलास संगवे यांनी डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली मुंबई विद्यापीठासाठी जैन समाजाचा अभ्यास केला. तो ग्रंथरूपाने १९५९ साली मुंबईहून निघाला, १९८० साली त्याची नवी आवृत्ती झाली, आणि आपल्या समाजाविषयी कोणी लिहू लागला की त्याला आजही तो उघडावा लागतो. आमच्या गोदामातील खोक्यांकडे पाहिले की मला संगवे सरांचा तो ग्रंथ आठवतो. दोन्हींमागे वर्षांची मेहनत आहे. एकाला संपादक आणि पारखी प्रकाशक लाभले, दुसऱ्याला मी लाभलो.

आता आपल्या शंका. मी व्यापारी आहे, शंका विचारल्याशिवाय मीही पैसा काढत नाही.

पहिली शंका : हे वाचतो कोण? प्रामाणिक उत्तर असे की, थोडे लोक. परंतु प्रवचनकार महाराजांसमोर जे शास्त्र असते, पाठशाळेत जे पुस्तक असते, मुले परीक्षेला जो इतिहास शिकतात, ते सारे अशा थोड्या लोकांनी वाचलेल्या ग्रंथांतूनच गाळून येते. विहीर एकजण खणतो, पाणी गाव पिते.

दुसरी शंका : आता सारे संगणकावर फुकट मिळते, मग छापायचे कशाला? फुकट मिळते हे खरे आणि ते चांगलेच आहे. पण जे मिळते ते कोणीतरी कधीतरी ताडून, तपासून छापलेले असते म्हणून मिळते. धवलेची पाने आज पडद्यावर दिसतात ती अमरावतीच्या वीस वर्षांमुळे. उद्या कागद राहिला नाही तरी चालेल, संपादक राहिला पाहिजे. माझ्या हिशोबाने खर्चाचा मोठा भाग त्याच्या नावे पडायला हवा.

तिसरी शंका सर्वांत खरी आहे, आणि ती मागील बैठकीत निघाली होती. सुवर्णमहोत्सवी निधी जमतो आहे. मंदिराच्या सभामंडपाला संगमरवर बसवायचा आहे, प्रवेशद्वार व्हायचे आहे. त्यात हे ग्रंथांचे खूळ कशाला? बंधूंनो, संगमरवर नको असे मी म्हणत नाही. माझ्या वडिलांचे नाव याच मंदिराच्या एका पायरीवर आहे आणि मला त्याचा आनंद आहे. मी निधीचा दहावा हिस्सा मागतो आहे. चार दाने सांगताना आपण आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदान उच्चारतो. वहीत मात्र त्या खात्याला वर्षानुवर्षे एक पैही जमा नाही. पन्नास वर्षांचे ताळेबंद मी स्वतः पाहिले आहेत. शास्त्रदानाच्या नावाखाली जो खर्च दिसतो तो स्मरणिका, पंचांगे आणि पूजेच्या पुस्तिका वाटण्याचा. ते वाईट नाही. पण पुरेसेही नाही.

म्हणून माझी सूचना विश्वस्तांपुढे ठेवतो.

या दहाव्या हिश्शाची वेगळी ठेव करावी आणि मुद्दलाला हात लावू नये. व्याजातून दोन वर्षांत एक, फार झाले तर दोन ग्रंथ निघतील, तेवढे पुरे. ग्रंथ निवडण्याचे काम विश्वस्तांकडे नसावे. विद्यापीठांतील प्राकृत, इतिहास आणि भाषा यांच्या तीन जाणकारांची समिती असावी आणि तिने प्रत्येक हस्तलिखित दोन परीक्षकांना दाखवावे. परीक्षकांना आणि संपादकाला योग्य मानधन द्यावे. देवाचे काम म्हणून विद्वानाला फुकट राबवण्याची आपली सवय सोडावी. प्रती तीनशेच काढाव्यात, त्यांतील शंभर ग्रंथालयांना विनामूल्य पाठवाव्यात आणि संगणकावरील प्रत सर्वांना खुली ठेवावी. ग्रंथात देणगीदाराचे नाव एका ओळीत यावे, छायाचित्र नको.

दुसरे काम विनाखर्चाचे आहे. आपल्या तालुक्यातील आणि आसपासच्या गावांतील मंदिरांत, तसेच जुन्या घरांच्या माळ्यांवर, हस्तलिखित पोथ्यांची बासने आहेत. ती कोणी उचलून नेऊ नये. जागच्या जागी त्यांची यादी करावी : ग्रंथाचे नाव, पानांची संख्या, लिपी, शेवटी लेखकाने दिलेली तिथी. पाठशाळेच्या मुलांना हे महिनाभरात शिकवता येईल. पुढच्या एखाद्या संपादकाला हवी असलेली एक प्रत आपल्याच एखाद्या बासनात निघेल. त्र्याण्णवाव्या सूत्रातला गळालेला शब्द ताडपत्रात जपलेला होता म्हणूनच सापडला, हे विसरू नये.

एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवतो. माझ्या भाचीने गेली काही वर्षे आपल्या पुस्तकाची एकेक चूक दुरुस्त केली आहे. ज्या प्राध्यापकांनी पेन्सिलीने खुणा केल्या त्यांच्याकडे ती सुटीच्या दिवशी जाऊन बसत होती. सूची तयार झाली आहे, राणीचे नाव आता सर्वत्र एकच आहे. नवी आवृत्ती तयार आहे आणि तिला प्रकाशक हवा आहे. तरीही मी विश्वस्त आहे तोवर ते पुस्तक या योजनेत घेऊ नये. हा नियम तिनेच सुचवला. “मामा, नाहीतर लोक म्हणतील की तुम्ही साऱ्या समाजाला माझ्यासाठी कामाला लावले,” असे ती म्हणाली. गजपंथाच्या सभेची गोष्ट मी तिला सांगितली होती. ती तिला माझ्यापेक्षा अधिक कळलेली दिसते.

माझा वाटा म्हणून मी एवढेच जाहीर करतो की, त्या पुस्तकाच्या छपाईवर मी जेवढी रक्कम अज्ञानाने घालवली तेवढीच, म्हणजे बहात्तर हजार रुपये, या ठेवीच्या खात्यात आज जमा करीत आहे. खाते अजून उघडलेले नाही, तेव्हा धनादेश अध्यक्षांच्या हाती देतो. खाते उघडायचे की धनादेश परत करायचा, हे विश्वस्त मंडळाने पुढील बैठकीत ठरवावे. परत आला तर मला राग येणार नाही. पुढच्या श्रुतपंचमीला मी तो पुन्हा घेऊन येईन.